साठीनंतर वजनं उचलताय? मग या चुका टाळा

साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलं की निम्मं गाव भेटतं. कानटोपी, हातात काठी आणि ठरलेलं वाक्य: "आपण रोज गड चढतो, आपल्याला वेगळा व्यायाम कशाला?" चालणं सोडा असं कुणी म्हणत नाही; हृदयाला, शुगरला, झोपेला ते उत्तमच. पण त्याच गड चढणाऱ्यांतल्या कितीजणांना घरी सोफ्यातून उठताना हाताचा टेकू लागतो, ते मी बघतो ना! रोजच्या चढाची पायांना सवय होते, आणि हात, पाठ, खांदे तर तसेच राहतात. जागतिक आरोग्य संघटनाही 65 च्या पुढच्यांना चालण्याशिवाय आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम सांगते.

नुसतं चालण्यावर थांबणं ही पहिली चूक. त्यापेक्षा जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे वजन न वाढवणं. मुलगी पुण्याहून एकेक किलोची गुलाबी डंबेल्स आणून देते. काकू वर्षानुवर्षं तीच हलवत गप्पा मारतात, घामाचा पत्ता नाही. वजनं उचलल्याने स्मरणशक्तीलाही मदत होते असं ऐकलेलं, म्हणून वर तक्रार: "विसरणं काही कमी झालं नाही हो." कसं होईल?

सिडनीतल्या संशोधकांनी 55 च्या पुढचे, विसरायला लागलेले पण डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) न झालेले 100 जण घेतले. काहींना सहा महिने मशीनवर वजनं दिली, ज्याच्या त्याच्या कमाल ताकदीच्या 80 टक्क्यांच्या आसपास, आणि ताकद वाढेल तसं वजनही वाढवलं. बाकीच्यांना बसून हातपाय ताणायचे हलके व्यायाम. बुद्धीच्या चाचण्यांत वजनवाले पुढे गेले, आणि ज्यांची ताकद जास्त वाढली त्यांची सुधारणाही जास्त दिसली. 2020 मध्ये त्यांच्याच एमआरआयवरून असंही कळलं, की आठवणी साठवायला मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या भागाच्या काही हिश्शांची झीज वजनवाल्यांत कमी होती. बसून हातपाय हलवणारे होते ते नुसते तुलनेसाठी, काकू!

म्हणून लगेच 80 टक्क्यांवर उडी मारू नका. ते लोक देखरेखीखाली होते. माझी पद्धत साधी. दहा-बारा वेळा उचलता येईल असं वजन घ्यायचं, त्यातले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा आरामात व्हायला लागले की थोडं वाढवायचं. आणि वहीत लिहायचं: तारीख, वजन, किती वेळा. ॲप नको. ॲपमधलं कुणी उघडून बघत नाही, वही टीव्हीसमोर पडलेली असते.

आता दुसरं टोक. आमच्याकडे व्यायाम शिकायला कऱ्हाडकडचे एक अण्णा आले. तरुणपणी तालमीत घुमलेले, कान मोडलेले, सत्तरी ओलांडलेली. पहिल्या दिवशी सांगितलं, खुर्चीवरून उठबस करा, दहा वेळा. अण्णा हसले. "आम्ही पाचशे बैठका मारायचो." माझी पाठ वळल्यावर कोपऱ्यात जाऊन किती मारल्या देव जाणे. तिसऱ्या दिवशी त्यांना जिना उतरता येईना, संडासात बसता येईना. मांड्या आठ-दहा दिवसांत बऱ्या झाल्या असत्या. पण घरात सूनबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं, "या वयात कशाला ही थेरं!" अण्णा आलेच नाहीत. त्यांच्या आळीतून येणार होते ते दोघेही आले नाहीत. घाई करणारा एकटा बसत नाही, चार जणांना घेऊन बसतो. तालमीतलं शरीर आठवणीत तसंच असतं, पण गुडघ्याला आजचं वय ठाऊक असतं. म्हणून जुन्या पैलवानाला पहिला महिनाभर मी मुद्दाम कंटाळा येईल इतकं कमी देतो. जो टिकतो, त्याला पुढे वाढवून देतो.

घाईचाच दुसरा प्रकार: पंधरा दिवस झाले की नातवाला बोलावून पाढे म्हणून दाखवायचे. व्हँकुव्हरमध्ये 65 ते 75 वयाच्या 155 बायकांवर अभ्यास झाला होता. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनं उचलणाऱ्यांचं लक्ष केंद्रित करणं सुधारलं, पण ते वर्षाच्या शेवटी. वर्ष धरूनच चाला.

बाकीच्या चुका चटकन सांगतो.

श्वास कोंडून उचलणं: बीपी भसकन चढतं. उचलताना मोठ्याने आकडे मोजा, श्वास आपोआप सुटतो.

नुसते दंड फुगवणं: मांड्या आणि कंबर आधी. पडण्यापासून वाचवतात त्या मांड्याच.

चहा-खारीवर व्यायाम: दोन्ही जेवणांत उसळ, डाळ, दही किंवा अंडं पाहिजे. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टर.

मोतीबिंदूचं ऑपरेशन, हर्निया, ताब्यात नसलेलं बीपी लपवून येणं: लपवू नका, मी ओरडतो.

आणि प्रत्येक विसरण्यावर डंबेल हा उपाय नाही. बी-12 कमी असेल, थायरॉइड बिघडला असेल, कमी ऐकू येत असेल, तरी माणूस विसराळू वाटतो. आमच्याकडच्या शुद्ध शाकाहारी मंडळींनी तर बी-12 आधी तपासावंच. रिपोर्ट घेऊन या, मग वही उघडू.