रजिस्ट्री साफ केली आणि बॅकअप बंद पडला
कोल्हापुरात शाहूपुरीत माझे हिशेबलेखनाचे छोटे कार्यालय आहे. संगणक मंदावला म्हणून मी रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रामांच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणारे एक मोफत साधन चालवले. वेग तसूभरही वाढला नाही, मात्र त्या रात्रीपासून विंडोज १० चा बॅकअप अडू लागला. वापरात असलेल्या फायलींची प्रत घेण्यासाठी बॅकअप ज्या व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवेवर विसंबून असतो, तिच्याच नोंदी त्या साधनाने निरुपयोगी ठरवून पुसल्या होत्या. रजिस्ट्रीची प्रत ठेवण्यासाठी असलेले रेगबॅक फोल्डरही रिकामे निघाले, कारण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज तेथे आपोआप प्रत ठेवत नाही. सुदैवाने जुना रिस्टोअर पॉइंट (संगणकाच्या आधीच्या स्थितीची जपलेली नोंद) शिल्लक होता. आधी हिशेबांचा डेटा पेन ड्राइव्हवर उतरवला, मग रिकव्हरी पर्यायांतून सिस्टिम रिस्टोअर केले आणि ‘व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स’ या आज्ञेने सर्व रायटर (शॅडो कॉपीसाठी आपापला डेटा तयार ठेवणारे प्रोग्रामांचे घटक) स्थिर दिसल्यावरच पुन्हा बॅकअप घेतला.