नागपूरच्या हवेत घरचं चॉकलेट : नाताळ, तान्हा पोळा आणि मे महिन्यातला वाढदिवस

नागपुरात घरी चॉकलेट करायचं तर रेसिपी उघडण्याआधी बाहेर ऊन किती आहे ते पाहावं. कोको बटर 34 अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं आणि मे महिन्यात इथला पारा 45 च्या पुढे जातो. त्या दिवसांत खरं चॉकलेट पाहुण्यांसमोर ताटात मांडणं शक्यच नाही. याउलट डिसेंबर-जानेवारीत हीच हवा चॉकलेटला इतकी मानवते की एसी लावायचीही गरज पडत नाही.

म्हणून सरळ वाटणी करा. नाताळ, संक्रांत आणि हिवाळ्यातल्या वाढदिवसांना कोको बटरचं खरं चॉकलेट. राखी, तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण) आणि दिवाळीला कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट. एप्रिल-मेमध्ये असा पदार्थ निवडा, ज्यात वितळण्यासारखं चॉकलेटच नाही.

कंपाउंड आणि खरं चॉकलेट

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत हायड्रोजनेटेड वनस्पती तेल किंवा पाम कर्नल फॅट लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. फक्त कोको सॉलिड्स, कोको बटर, साखर, मिल्क चॉकलेटमध्ये दूध पावडर आणि थोडं लेसिथिन (मिश्रण एकजीव ठेवणारा घटक) असेल तर ते खरं चॉकलेट. त्यातलं जास्त कोको बटरचं, पातळ वाहणारं ते कुव्हर्चर. कंपाउंड वितळवायचं, ओतायचं, झालं. खऱ्या चॉकलेटला टेम्परिंग (वितळवून ठरावीक अंशांपर्यंत गार करणं) लागतं आणि ते महागही पडतं, पण तोंडात विरघळण्याचं सुख त्यातच आहे. लहान मुलांच्या पार्टीसाठी कंपाउंडमध्ये कमीपणा मानायचं काही कारण नाही.

दोन्ही एकत्र मात्र करू नका. पैसे वाचवायला अर्धं-अर्धं मिसळणारे बरेच असतात. दोन्हींतल्या स्निग्धांशांचं एकमेकांशी जमत नाही, त्यामुळे चॉकलेट मऊ राहतं आणि काही दिवसांत त्यावर पांढरट थर येतो.

किती आणायचं? साध्या साच्याचा एक कप्पा साधारण 10 ग्रॅमचा असतो. 25 मुलांना प्रत्येकी 4 चॉकलेटं द्यायची म्हणजे 100 नग, म्हणजे एक किलो. भांड्याला, चमच्याला लागून जाणारं धरून 1 किलो 100 ग्रॅम आणा. आत सारण भरणार असाल तर पाऊण किलो पुरतं. बदाम, काजू आणि फल्लीदाणे (शेंगदाणे) इतवारीच्या ठोक बाजारातून घेतले तर स्वस्त पडतात. उन्हाळ्यात चॉकलेटची स्लॅब घेताना ती वितळून पुन्हा गोठलेली नाही ना, हे कडा पाहून ठरवा.

वितळवणं

गंजात (पातेल्यात) दोन बोटं पाणी गरम करा, उकळी फुटायच्या आत गॅस बंद करा आणि वर कोरडं स्टीलचं किंवा काचेचं भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला लागता कामा नये. चॉकलेट बारीक चिरलेलं हवं. मोठे तुकडे टाकले तर बाहेरचं करपतं आणि आतलं घट्टच राहतं. कंपाउंड 45 अंशांपर्यंत न्या, 50 च्या वर नको. पांढरं चॉकलेट सगळ्यात नाजूक, त्याला 42 च्या आतच ठेवा. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर 30-30 सेकंद, दर वेळी ढवळून.

वाफेचा एक थेंब आत पडला की चॉकलेट आखडून वाळूसारखं होतं, कारण त्यातल्या साखरेचे कण पाणी धरून एकमेकांना चिकटतात. अशा वेळी तेल ओतून ते साच्यासाठी वाचवायच्या भानगडीत पडू नका. थोडं थोडं कोमट दूध किंवा क्रीम घालत ढवळा, ते पुन्हा गुळगुळीत होईल. मग केकवर ओतायला किंवा आइस्क्रीमसोबत सॉस म्हणून वापरा. पाण्यात मिसळणारा खाण्याचा रंग आणि पातळ इसेन्स यांनीही हेच होतं. रंग तेलात विरघळणाराच हवा.

टेम्परिंग, हिवाळ्यासाठी

कोको बटर वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठतं. त्यातल्या एकाच प्रकाराने चमक येते, कटकन तुटण्याचा आवाज येतो आणि चॉकलेट साच्यातून अलगद सुटतं. बाकीचे स्फटिक झाले की चॉकलेट निस्तेज, बोटाला लागणारं आणि साच्याला चिकटणारं होतं. टेम्परिंग म्हणजे योग्य स्फटिकांचं विरजण लावणं. घरी सोपी पद्धत अशी:

1. 300 ग्रॅम डार्क चॉकलेटपैकी 200 ग्रॅम 45 ते 48 अंशांवर पूर्ण वितळवा.
2. भांडं पाण्यावरून उतरवा, तळ पुसून कोरडा करा.
3. उरलेलं 100 ग्रॅम अगदी बारीक चिरून तीन-चार वेळा घाला, सतत ढवळत राहा.
4. 31 ते 32 अंशांवर आलं की थांबा. न विरघळलेले तुकडे काढून टाका.

मिल्क चॉकलेट 42-45 अंशांवर वितळवून 29-30 वर वापरायचं, पांढरं 42 च्या आत वितळवून 28-29 वर. यासाठी टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्याच. हाताच्या अंदाजाने दोन अंशांचा फरक कळत नाही आणि इथे तेवढ्यानेच काम बिघडतं. तपासायला सुरीचं टोक बुडवून बाजूला ठेवा. 20-22 अंशांच्या खोलीत पाच मिनिटांत ते चकचकीत घट्ट झालं तर जमलं. रेघा दिसल्या तर आणखी थोडं चिरलेलं चॉकलेट घालून ढवळा. काम करता करता गार होऊन घट्ट झालं तर जरासं गरम करा. पण डार्क 33-34 च्या वर गेलं की सगळं पहिल्यापासून.

चिरून घालायचं चॉकलेट स्वतः नीट टेम्पर केलेलं, चमकदार हवं. उन्हात वितळून गोठलेल्या तुकड्यांनी विरजण लागत नाही.

कूलर बंद

इथे बहुतेकांची गाडी अडते. डेझर्ट कूलरने खोली गार होते, पण हवा ओली होते. ही ओल चॉकलेटच्या पृष्ठभागावर बसते, साखर विरघळते आणि सुकल्यावर वर खरखरीत पांढरे डाग उरतात. चॉकलेट करायचं तर एसीची खोली, 22-24 अंशांवर. एसी हवा कोरडीही करतो. तो नसेल तर उन्हाळ्यात पहाटे करा, तेही कंपाउंडच. पावसाळ्यात पंखा चालेल, पण साचा भरेपर्यंत दारं-खिडक्या लावून घ्या.

पांढरे डाग कशाचे आहेत ते बोट फिरवून कळतं. बोटाच्या उबेने डाग पुसला गेला तर ते वर आलेलं कोको बटर, म्हणजे टेम्परिंग चुकलं किंवा चॉकलेट उन्हात राहिलं. खरखरीत लागलं तर साखर, म्हणजे ओल. दोन्ही खायला चालतात. भेट द्यायला नाहीत.

साचे आणि सारण

चमक हवी तर कडक पॉलिकार्बोनेटचे साचे. सिलिकॉनचे सोपे, पण थोडे मंद दिसतात. साचा कापसाने कोरडा घासून घ्या. ओतल्यावर ओट्यावर दोन-तीनदा आपटा, बुडबुडे वर येतात. फ्रिजमध्ये 10 ते 15 मिनिटं पुरतात, फ्रीजरमध्ये नको. पारदर्शक साच्याची खालची बाजू धुरकट दिसली की चॉकलेट सुटलंय असं समजा. उलटं केल्यावर पडत नसेल तर खरवडू नका, पाच मिनिटं आणखी ठेवा.

सारण भरायचं तर आधी साचा भरून लगेच उलटा करा, जास्तीचं चॉकलेट गळू द्या. साधारण दोन मिलिमीटरची भिंत राहिली पाहिजे. सारण काठाच्या दोन मिलिमीटर खाली थांबवा, वरून झाकण ओता. सारण काठाला लागलं तर झाकण बसत नाही आणि दुसऱ्या दिवशी गुलकंद किंवा मध बाहेर पाझरतो. बदाम आणि फल्लीदाणे 150 अंशांवर 10-12 मिनिटं भाजून पूर्ण गार झाल्यावरच घाला. गरम दाण्यांनी टेम्परिंग मोडतं, कच्चे दाणे चार दिवसांत सादळतात.

आणि नागपूर म्हटल्यावर संत्रं आलंच. रस चॉकलेटमध्ये घालू नका, त्यात पाणीच पाणी. चव सालीच्या तेलात असते. दोन संत्र्यांची वरची केशरी साल बारीक किसा, पांढरा भाग नको. 100 मिलि फ्रेश क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून त्यात कीस दहा मिनिटं झाकून ठेवा. गाळून पुन्हा गरम करा, 200 ग्रॅम चिरलेल्या डार्क चॉकलेटवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधोमध ढवळायला लागा. फाटल्यासारखं तेल सुटलं तर एक चमचा कोमट दूध घालून ढवळा. हे गार झालं की सारण म्हणून भरा किंवा गोळ्या करून कोको पावडरमध्ये घोळवा. मिल्क चॉकलेट असेल तर तेवढ्याच क्रीमला 250 ग्रॅम, पांढऱ्याला 300. क्रीम असल्यामुळे ही चॉकलेटं फ्रिजमध्ये ठेवून पाच दिवसांत संपवा.

सालीच्या कांड्या करायच्या तर अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि दर वेळी पाणी बदलत तीनदा चार-चार मिनिटं उकळा, कडूपणा जातो. मग 200 ग्रॅम साखर आणि 200 मिलि पाणी यांच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. आपल्या संत्र्याची साल पातळ, सैल असते. 25 मिनिटांपासूनच लक्ष ठेवा, नाहीतर चामड्यासारखी होते. जाळीवर रात्रभर सुकवून अर्ध्यापर्यंत डार्कमध्ये बुडवा. पावसाळ्यात ही सुकत नाही, त्या वाटेला जाऊ नका.

सणांपुरतं

संक्रांतीला 250 ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये 100 ग्रॅम भाजलेले, गार केलेले तीळ मिसळून बटर पेपरवर पातळ पसरा. गूळ हवाच असेल तर किसलेला नको, तो ओल धरतो. कडक तिळाची चिक्की कुटून घाला.

तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात, बोजाऱ्यात (घरोघरी मिळणाऱ्या खाऊ-पैशांत) मिळालेलं खिशात आणि मुठीत राहतं. तिथे सारण, क्रीम काही नको. कंपाउंड आणि फल्लीदाण्याचे छोटे गोळे, फॉइलमध्ये गुंडाळून वर पिळाचा रंगीत कागद. फल्लीदाण्याचं न चालणारी मुलंही असतात, म्हणून थोडे बिनदाण्याचे वेगळ्या रंगाच्या कागदात ठेवा.

मे महिन्यातल्या वाढदिवसाला 200 ग्रॅम मारी बिस्किटांचा चुरा, 25 ग्रॅम कोको पावडर, 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि 20 ग्रॅम वितळलेलं बटर मळून घ्या. कोरडं वाटलं तर एक-एक चमचा दूध घाला. सुपारीएवढे गोळे करून खोबऱ्याच्या किसात घोळवा, साधारण तीस होतात. उन्हात जरा मऊ पडतील, पण वितळून ओघळणार नाहीत. फ्रिजमध्ये तीन दिवस राहतात.

ठेवणं, नेणं

हिवाळ्यात साधी चॉकलेटं घट्ट झाकणाच्या डब्यात, मसाल्यांपासून लांब, बाहेरच राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवलीच तर डबा बाहेर काढून तसाच बंद ठेवा आणि तासाभराने उघडा. लगेच उघडलात की चॉकलेटला घाम फुटतो. उन्हाळ्यात कुणाकडे न्यायची तर थर्माकोलच्या खोक्यात तळाशी बर्फाचा जेल पॅक, त्यावर वर्तमानपत्राचे चार पदर, मग डबा. गाडीच्या डिक्कीत दुपारी दहा मिनिटंही ठेवू नका.