लेकराची दिवाळी, मोठ्यांची हौस: या चुका टाळा

दिवाळी महिन्यावर आली की ओळखीतल्या नव्या आईबापांचे फोन सुरू होतात. "बाळाची पहिली कळती दिवाळी आहे, काय काय घेऊ?" पोर दीड-दोन वर्षांचं. त्याला काहीच नको असतं. हौस यांची असते आणि बिलं तुळशीचं लग्न उरकेपर्यंत येत राहतात. दर वर्षी घोळ मात्र तेच.

पहिला मान बॅटरीच्या पणत्यांना. "मूल लहान आहे, खऱ्या पणत्या नकोत" म्हणून डझनभर प्लास्टिकच्या आणतात. तेल नको, वात नको, शिवाय स्वस्त. पण ती पणती उलटी करून कुणी बघत नाही. आत बटणाएवढा चपटा सेल असतो आणि कित्येक पणत्यांचं झाकण नुसत्या नखानं उघडतं.

गेल्या खेपेला भाचीकडे लक्ष्मीपूजनाला गेले होते. ताट मांडून झालं, आणि बघते तर पोराच्या एका हातात पणती, दुसऱ्या हातात झाकण, सेल गायब. तोंड उघडून पाहिलं, काही नाही. पोर खुदुखुदु हसतंय. भाचीच्या सासूबाई म्हणाल्या, "केळं भरवा, सकाळी शीतून पडेल." मी म्हटलं, पूजा राहू दे, रिक्षा बोलवा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. मुलाला काही होताना दिसेपर्यंत थांबायचं नसतं. उलटी काढायची नाही, एक्स-रे निघेल असं हॉस्पिटल गाठायचं. एक्स-रेत काही निघालं नाही. सेल दुसऱ्या दिवशी रांगोळीच्या डब्यात, लाल रंगाच्या तळाशी सापडला. फटाक्यांच्या धुरात तासभर अडकलेली रिक्षा, डॉक्टरांची रात्रीची फी आणि एक्स-रे धरून त्या पणत्या केवढ्याला पडल्या, हे भाचीनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माझ्याकडे मातीच्याच पणत्या असतात, मोजक्या, पोराचा हात पोचणार नाही अशा कठड्यावर. बॅटरीचं काही घ्यायचंच असेल तर झाकणाला स्क्रू आहे का बघा. नसेल तर परत ठेवा, दुकानदार कितीही "मुलांसाठीच आहे हो ताई" म्हणू दे.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. फुटपाथवरच्या लुकलुकत्या बाजाला ते शोधून दाखवा. आणि टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जाईल असं काहीही तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात नको.

दुसरा माझा आवडता घोळ किल्ल्याचा. "मातीत हात घालायला वेळ कुणाला?" म्हणून प्लास्टरचा तयार किल्ला आणतात. त्यात पोराला करण्यासारखं काहीच उरत नाही, म्हणून ते बुरूज उपटतं आणि ऐन पाडव्याला धपाटा खातं. अहो, चार विटा, जुनं गोणपाट आणि बादलीभर माती, एवढ्यात किल्ला होतो. वाकडा होईल, होऊ द्या. पोराला एकच काम द्यायचं: हळीव पेरणं. लाडवांसाठी आणलेल्यातलंच मूठभर. ओल्या मातीवर भुरभुरायचं आणि रोज वाटीनं पाणी शिंपडायचं. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. वसुबारसेच्या आधी पेरलं तर भाऊबिजेला किल्ला हिरवागार. घाईवाले धनत्रयोदशीला पेरतात आणि चतुर्दशीला कुरकुरत हिरवा भुसा आणायला पळतात. मावळेही अख्खी पलटण नको. दर वर्षी एकच नवा, चांगला मोठा, मातीचा. दिवाळी संपली की वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर.

बाकीचं थोडक्यात. जरीचा कुर्ता टोचतो, आणि पोर तो फोटोपुरता घालतं. सुती घ्या, एक माप मोठा. अभ्यंगस्नानाला पहाटे चारला उठवू नका, सूर्य थांबणार नाही पण नरकासुरही परत येणार नाही. उटणं डोळ्यांपासून लांब. फुलबाजी लहानग्याच्या हातात नाही म्हणजे नाही, तुम्ही मागून हात धरलात तरी नाही. नागगोळीचा धूर तर मोठ्यांनाही नको. चिवड्यातले अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्यांच्या बशीतून वेचून काढा. शंकरपाळी दुधात भिजवली की चालते.

राहिली नातेवाइकांची खेळणी. मामा, आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा, प्रत्येकाचा एक खोका. संकोच करत बसाल तर बैठकीच्या खोलीत चालायला जागा उरणार नाही. आधीच स्पष्ट सांगा: लाकडी ठोकळे एकानं, भातुकली दुसऱ्यानं, मामानं ओवाळणीचं पाकीट. तरी खोके येतातच. त्यातलं एक उघडायचं, बाकीचे कपाटावर. मार्गशीर्षात पोर कंटाळलं की दुसरा काढायचा. मामानं फोन करून "माझं खेळणं आवडलं का?" विचारलं तर खुशाल हो म्हणा.