बुजरे मांजर घरात रुळवताना

दत्तक घेतलेले मांजर घरात सोडताच कपाटाखाली शिरले आणि दिवसभर तोंड दाखवेनासे झाले, तर त्यात काळजीचे फारसे कारण नसते. मांजराची ओळख आधी जागेशी होते आणि माणसांशी त्यानंतर. म्हणून लळा लावण्याची घाई करण्यापेक्षा त्याला स्वतःची म्हणता येईल अशी एक लहानशी जागा मिळवून देणे, हे आपले पहिले काम समजावे.

मांजर आणण्याची वेळ विचार करून ठरवावी. कोल्हापुरात गणेश विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर, म्हणजे मिरजकर तिकटी, महाद्वार रोड किंवा गंगावेशीच्या आसपास राहणाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या तोंडावर, आणि इतर कोल्हापूरकरांनीही दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत, नवे मांजर आणू नये. कारण त्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतात आणि मुळातच धास्तावलेला जीव त्या आवाजाने खिडकीतून उडी घेऊन पसार होण्याची भीती असते.

त्यानंतर घरातील कमी वर्दळीची एक खोली निवडावी. खिडकीला गज असले तरी त्यांतून मांजर सहज निसटते, त्यामुळे आतून बारीक जाळी बसवून घ्यावी. जुन्या कौलारू घरात माळ्याकडे जाणाऱ्या फटीही बुजवाव्यात, कारण एकदा आढ्याला पोहोचलेले मांजर खाली उतरवणे हे घरच्या माणसांचे काम राहत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात शी-शूसाठी चाळलेल्या वाळूचा पसरट ट्रे ठेवावा आणि अन्नपाणी त्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला ठेवावे. जेवणाशेजारी घाण असलेली मांजराला मुळीच चालत नाही. लपण्यासाठी पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवले तरी पुरते. त्यात मांजराच्या आधीच्या घरातील एखादे न धुतलेले फडके अंथरावे, कारण ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. याच कारणाने आल्या आल्या त्याला अंघोळ घालू नये, मग ते कितीही मळके दिसो.

पहिले दोन-तीन दिवस त्याला ओढून बाहेर काढू नये, तसेच शेजारपाजारच्या मुलांना दाखवायलाही बोलावू नये. ठरलेल्या वेळी अन्न ठेवावे, ट्रे साफ करावा आणि जमिनीवर बसून हलक्या आवाजात काहीतरी वाचत राहावे. मांजराकडे रोखून पाहणे त्याला धमकीसारखे वाटते. नजरानजर झालीच तर सावकाश डोळे मिटून उघडावेत. तेही तसेच डोळे मिचकावू लागले, की भीती ओसरू लागली असे समजावे. पुढे ते आपणहून जवळ आले, तर त्याच्या नाकाच्या उंचीवर एक बोट धरावे. त्याने बोटाला गाल घासला, तरच गालावर किंवा हनुवटीखाली खाजवावे. शेपूट जोरात झटकली किंवा कान मागे गेले, की हात लगेच काढून घ्यावा. पोटाला हात लावण्याचा मोह मात्र टाळलेलाच बरा.

खाण्याकडे बारीक लक्ष द्यावे लागते. आधीच्या घरी मिळणारे अन्नच सुरुवातीला द्यावे आणि बदल करायचा असल्यास तो आठवडाभरात थोडाथोडा करावा. लालूच म्हणून बिनमिठाचे उकडलेले चिकन चांगले. परंतु तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातील मटणाचे तुकडे प्रेमाने पुढे करू नयेत, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. दूधही अनेक मोठ्या मांजरांना पचत नाही. लाजरेपणामुळे पहिल्या रात्री ते जेवले नाही तर चालते, पण पूर्ण दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर पशुवैद्यांना विचारावे. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून प्रकरण जिवावर बेतू शकते. बोका ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर सकाळपर्यंतही थांबू नये.

फरशी फिनेलने पुसण्याची सवय त्या खोलीपुरती सोडावी, कारण पंजे चाटताना ते पोटात जाते. कुत्र्यांसाठीचे गोचीड मारण्याचे औषध आणि माणसांची पॅरासिटामॉल या दोन्ही गोष्टींनी मांजर दगावू शकते.

मांजर खोलीत शेपूट उभी करून फिरू लागले, की दार किलकिले ठेवावे आणि उरलेले घर त्याला त्याच्या कलाने पाहू द्यावे. ते घाबरून परत आपल्या खोक्यात गेले, तर जाऊ द्यावे. भित्र्या मांजराला यासाठी काही आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात. रेबीजसह सर्व लसी, जंताचे औषध आणि नसबंदी ही कामे ते थोडे स्थिरावल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने उरकावीत आणि तोवर त्याला गल्लीत सोडू नये.