बँकेची फाइल हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट येत नसेल तर

'फाइल इम्पोर्ट होत नाही', म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आत घेता येत नाही, म्हटलं की हमखास मिळणारा सल्ला म्हणजे सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. तो ऐकू नका. गडबड बहुतेक वेळा फाइलीत असते. आणि इम्पोर्ट साफ अडलं तर बरंच म्हणायचं. चुकीचं काही गुपचूप आत शिरलं की खरा ताप सुरू होतो.

आधी सॉफ्टवेअरमधल्या हिशेबाचा बॅकअप घ्या. बँका व्यवहारांची फाइल ओएफएक्स, क्यूआयएफ, सीएसव्ही अशा वेगवेगळ्या प्रकारांत देतात. ओएफएक्स मिळत असेल तर तीच फाइल उतरवा. तिच्यात तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने येते आणि प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. क्यूआयएफमध्ये असा क्रमांक नसतो. सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, तर काहीच ठरलेलं नसतं, आणि बहुतेकांच्या वाट्याला तीच येते. पुढचं सगळं तिच्याबद्दल.

फाइल नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये उघडा. वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी आणि खालची बेरीज उडवा, स्तंभांच्या नावांची एकच ओळ ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचा कचरा दिसत असेल तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करून पाहा.

आता तारखा. बहुतेकांचा वेळ इथेच जातो, माझाही पुष्कळ गेला आहे. ०५/०३/२०२४ म्हणजे ५ मार्च की ३ मे, हे फाइल सांगत नाही. सॉफ्टवेअर महिना आधी धरत असेल तर १३ तारखेपासूनच्या एन्ट्री नाकारल्या जातात, कारण तेरावा महिना नसतो. 'थोड्या एन्ट्री आल्या, बाकीच्या नाही' असं कानावर आलं की पहिला संशय यावर घ्यावा. पण नाकारलेल्या एन्ट्री निदान कळतात. १ ते १२ तारखांच्या मात्र निमूटपणे भलत्याच महिन्यात जाऊन बसतात. दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकेल अशा तारखा वर्षात १३२ आहेत.

त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक ओळीचा वेगळा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर: जमलं तर महिना आधी, नाही जमलं तर दिवस आधी. एकही एन्ट्री गळत नाही, शेवटची शिल्लक पैशापैशाने जुळते आणि महिनेवार खर्च मात्र पार चुकलेला. म्हणून 'शिल्लक जुळली की झालं' हे मला अजिबात मान्य नाही. तारखा कितीही उलटसुलट झाल्या तरी बेरीज तीच राहते.

फाइलीतल्या तारखांमध्ये, वर्ष सोडून, १२ पेक्षा मोठा आकडा कोणत्या जागी येतो ते शोधा; ती जागा दिवसाची. तोच क्रम इम्पोर्ट करताना स्वतः निवडा, 'आपोआप ओळखा'वर सोडू नका. इम्पोर्टआधी दिसणाऱ्या प्रीव्ह्यूत महिन्याच्या सुरुवातीची एक आणि अखेरची एक, अशा दोन ओळी मूळ फाइलीशी ताडा.

आणि मधल्या मध्ये फाइल डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका! एक्सेल कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे तारखा वाचतं. जमेल ती बदलतं, न जमेल ती मजकूर म्हणून तशीच ठेवतं. एकाच स्तंभात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे सरकलेल्या दिसल्या की समजा घोळ झालाय. शिवाय खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्यं जातात, आणि लांब व्यवहार क्रमांकाचे १५ नंतरचे आकडे शून्य होतात. सेव्ह केल्यावर ते परत मिळत नाहीत. स्प्रेडशीट लागणारच असेल तर 'डेटा' मेनूतून फाइल आत घ्या आणि हे स्तंभ 'टेक्स्ट' ठेवा.

जमा आणि नावे (खात्यातून गेलेली रक्कम) वेगळ्या स्तंभांत असतील तर कोणता स्तंभ कशाचा ते इम्पोर्ट करताना दोन्हींसाठी नेमून द्या. रकमेतला स्वल्पविराम अवतरणचिन्हांबाहेर असेल तर एका रकमेचे तुकडे होतात. तो काढून टाका. मागची फाइल जिथे संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची घ्या, म्हणजे दुबार एन्ट्री येणार नाहीत.

शिल्लक जुळत नसेल तर फरकाचा आकडा बघा. तेवढ्याच रकमेची एन्ट्री असेल तर ती बहुधा गळलीय किंवा दोनदा आलीय. फरकाच्या निम्म्या रकमेची सापडली तर तिचं चिन्ह उलटलंय. मग प्रत्येक महिनाअखेरची शिल्लकही स्टेटमेंटशी ताडा. तारखा चुकल्याच असतील तर बॅकअप परत आणून पुन्हा इम्पोर्ट करा, एकेक एन्ट्री हाताने दुरुस्त करत बसू नका.