धुळ्यात बसून ‘पिनाफोर’चा माग कसा काढायचा

गिल्बर्ट-सलिवन जोडीचं ‘एच.एम.एस. पिनाफोर’ हे विनोदी संगीत नाटक २५ मे १८७८ रोजी लंडनच्या ऑपेरा कॉमिक थिएटरात लागलं आणि पुढच्याच वर्षी थेट ऑस्ट्रेलियात गाजलं. तो प्रवास मी देवपुरातल्या माझ्या खोलीत बसून शोधला. आमच्या नाट्यमंडळातली पोरं विचारतात, म्हणून पद्धत सांगतो.

आधी एक जाड वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, गाव, थिएटर, मंडळी, पुरावा. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तोवर ती ओळ पेन्सिलीनंच राहू द्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या गावात राहून अस्सल कागद न बघता शाई वापरायला माझा हात धजत नाही.

मग ‘ट्रोव्ह’ उघडा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट वाचता येतो. न्यूझीलंडचा ‘पेपर्स पास्ट’ही तसाच. पण इंग्रजीत नुसतं ‘पिनाफोर’ टाकू नका. पिनाफोर म्हणजे लहान मुलींच्या फ्रॉकवर चढवायचा एप्रन. माझे पहिले दोन दिवस कापडदुकानांच्या जाहिराती वाचण्यात गेले. सोबत ‘सलिवन’ किंवा ‘विल्यमसन’ (ऑस्ट्रेलियात या नाटकाचे हक्क घेतलेला नट-निर्माता) टाका आणि वर्ष १८७९ धरा.

१५ नोव्हेंबरला सिडनीच्या थिएटर रॉयलमधला प्रयोग लागेल. जे. सी. विल्यमसन स्वतः सर जोसेफ पोर्टरच्या भूमिकेत, बायको मॅगी मूर जोसेफिनच्या. तिथं थांबू नका, महिना-महिना मागं सरका. हक्क न घेता केलेले प्रयोग त्याआधीच होऊन गेले होते. जाहिरातवाला ‘पहिलाच प्रयोग’ म्हणाला म्हणून तो पहिला ठरत नाही. जाहिरातीवरून प्रयोग ठरला होता एवढंच कळतं. तो झाला का, हे दुसऱ्या दिवशीच्या परीक्षणात बघा.

सगळ्यात जास्त वेळ पोलार्ड कुटुंबाच्या नाटकमंडळीतल्या मुलांना द्या. १८८० साली, म्हणजे पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं त्याच वर्षी, टास्मानियातल्या लॉन्सेस्टनला या मंडळीनं लहान मुलांकडून ‘पिनाफोर’ करून घेतलं. पुढं पोलार्ड नावाच्या बालमंडळ्या देशोदेशी हिंडत राहिल्या. १९१० मध्ये मद्रासला अशाच एका मंडळीतल्या मुलांनी मारहाणीची तक्रार करत रंगमंचावर जायला नकार दिला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं मुलांना असं परदेशी खेळ करायला नेण्यावर कायद्यानं बंदी घातली.

हे नाटकांच्या जाहिरातीत सापडणार नाही, कोर्टाच्या बातम्यांत सापडेल. तो मजकूर वाचला त्या रात्री मी वहीत सहावा रकाना आखला: कलाकारांची वयं.