एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर अडतं: बिल्ड टूल दुरुस्त करताना

आमच्या टीमचं बिल्ड टूल, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारं साधन, गेली सहा वर्षं मी सांभाळते. पायथनमध्ये लिहिलेलं आहे; लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे चालतं. येणाऱ्या तक्रारींमध्ये एक वाक्य हमखास असतं: "माझ्याकडे फेल होतंय, बाकी सगळ्यांकडे चालतंय." हे ऐकल्यावर लगेच कोड उघडू नका. आधी तीन गोष्टी विचारून घ्या. टूलने चालवलेली कमांड, जशीच्या तशी. ती कुठल्या फोल्डरमधून चालली. आणि बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून पुन्हा बिल्ड केल्यावर काय होतं. तिसऱ्या प्रश्नातच बऱ्याच तक्रारी मिटतात, कारण पहिल्या वेळी सापडलेल्या कंपायलरचा (कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमचा) पत्ता सीमेकसारखी बिल्ड टूल्स कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या नोंदींत, ठेवतात आणि पुढे तोच धरून बसतात.

तुमच्या टूलमध्ये पूर्ण कमांड छापायची सोय नसेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा. तिच्याशिवाय दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे काम.

या छापलेल्या कमांडनेच मला एकदा वाचवलं. एका सहकाऱ्याच्या विंडोजवर लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवायची पायरी) अडत होतं आणि एरर एवढीच येत होती, की कमांड लाइन फार लांब आहे. माझ्याही विंडोजवर तोच कोड, तोच कंपायलर, पण बिल्ड सुरळीत. दोन्ही कमांड शेजारी ठेवल्या तेव्हा फरक दिसला. ऑब्जेक्ट फाइली, म्हणजे जोडायचे तुकडे, 190. माझा प्रोजेक्ट ड्राइव्हच्या मुळाशीच, म्हणून एकेक पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) साधारण 40 अक्षरांचा. त्याचा चार फोल्डर आत, म्हणून 58 चा. माझी बेरीज 7600 च्या आसपास, त्याची 11 हजारांवर. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टची मर्यादा 8191 अक्षरं. लिनक्सवर ही मर्यादा कितीतरी मोठी असल्याने तिथे कुणाला काही जाणवलंच नव्हतं.

दुरुस्ती दोन पायऱ्यांत केली. आमचं टूल लिंकरला शेलमार्फत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या मध्यस्थीने, बोलवत होतं. ते काढून कमांड एका लांब स्ट्रिंगऐवजी आर्ग्युमेंटच्या लिस्टच्या रूपात दिली. मधला शेल निघाला की मर्यादा 32,767 वर जाते, शिवाय स्पेस असलेल्या पाथचा त्रासही जातो. पण प्रोजेक्ट वाढला की तीही पुरत नाही. म्हणून फाइलींची यादी एका रिस्पॉन्स फाइलमध्ये लिहायची आणि लिंकरला ॲट चिन्ह लावून फक्त त्या फाइलचं नाव द्यायचं. जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर, मायक्रोसॉफ्टचा लिंकर, सगळ्यांना हे समजतं. एक जागा मात्र जपा: रिस्पॉन्स फाइलमधला बॅकस्लॅश जीसीसी एस्केप (पुढच्या अक्षरासाठीची खूण) समजतं, त्यामुळे पाथमधले बॅकस्लॅश गायब होतात आणि "फाइल सापडली नाही" अशी एरर येते. तिथे पाथ फॉरवर्ड स्लॅशने लिहा.

दुरुस्ती झाली की तोच बिघाड पुन्हा घडवणारा छोटा प्रोजेक्ट चाचण्यांमध्ये टाका. मी 300 रिकाम्या सी फाइली तयार करणारी स्क्रिप्ट ठेवली आहे. फोल्डर फार खोल नेऊ नका, नाहीतर पाथच्या 260 अक्षरांची जुनी मर्यादा आड येते आणि चाचणी भलत्याच कारणाने फेल होते. दुरुस्ती काढून ही चाचणी खरंच फेल होते का, हेही एकदा पाहा. मी ते न चुकता करते.

नावातल्या कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा घोळ ओळखायला सोपा: विंडोज आणि मॅकवर हेडर (कोडमध्ये नावाने जोडून घेतलेली फाइल) सापडतो, लिनक्सवर नाही. इथे प्रोजेक्टमधलं नाव सुधारा. टूलमध्ये सगळे पाथ स्मॉल करून जुळवायचा मोह होईल, पण लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइली असू शकतात.

"फाइल बदलली तरी रिबिल्ड होत नाही" अशी तक्रार आली, तर फाइलच्या वेळेवर संशय घ्या. 1976 मध्ये बेल लॅब्समध्ये मेक हे बिल्ड टूल तयार झालं तेव्हापासून फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून काय पुन्हा बिल्ड करायचं ते ठरवायची पद्धत चालत आली आहे, पण फॅट फाइल सिस्टिमवर बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदली जाते. आम्ही वेळेसोबत फाइलच्या मजकुराचा हॅशही (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) तपासायला लागलो, तेव्हा ही तक्रार थांबली.

जुनी वागणूक काढायची असेल, तर आधी एक-दोन आवृत्त्या वॉर्निंग द्या, आणि नेमकी कुठली ओळ बदलायची ते त्या वॉर्निंगमध्येच लिहा. सीमेकने 3.5 च्या आधीच्या आवृत्त्यांशी सुसंगतता बंद करण्याआधी बराच काळ वॉर्निंग दिली होती. तरीही 2025 मध्ये 4.0 आल्यावर कितीतरी जुने प्रोजेक्ट कॉन्फिगर करतानाच थांबले, कारण वॉर्निंग पाहणारं त्यांच्याकडे कुणी उरलं नव्हतं. म्हणून काढण्याच्या आदल्या आवृत्तीत मी आमच्या सीआयवर (प्रत्येक बदल आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेवर) वॉर्निंगलाच एरर ठरवते, आणि जे प्रोजेक्ट थांबतात त्यांच्या माणसांना स्वतः फोन करते.